ऐंशीच्या पुढचे किलोमीटर

"पाव्हणं, ऐंशी झालं," असं म्हणत पोपटने जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

मी पुढच्या सीटवर होतो. मागे माझे चुलते, मायाप्पा तात्या, कपाळभर भंडारा माखून बसले होते. देवाची भेट झाल्याच्या आनंदात त्यांनी वाटेभर एक ओवी लावून धरली होती. जीप थांबली तशी ओवीही थांबली.

"आलं व्हय ठिकाण?"

"ठिकाण कुठलं, तात्या? ऐंशी आलं," पोपट म्हणाला. "अक्कानं सांगितलंय, ऐंशी झालं की गाडी थांबवायची, पाव्हण्यास्नी मीटर दावायचा आन् मगच फुडं जायाचं."

त्याने मीटरवर बोट ठेवलं. मी वाकून पाहिलं. काचेच्या आत बारक्या बारक्या खिडक्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक पांढरा किडा वेटोळं करून बसल्यासारखा दिसत होता.

"बघितलंसा?"

"बघितलं की," मी म्हणालो. वाचता येत नाही असं सांगायची मला तेव्हा लाज वाटायची.

"हितनं घर किती लांब ऱ्हायलं?"

"त्यो अंदाज मी सांगायचा न्हाय. घरी गेल्यावर अक्का वाचंल."

मी खाली उतरलो. समोर डोंगर होता. त्या डोंगराच्या कावळखिंडीतून मी लहानपणापासून मेंढरं घेऊन आलो-गेलो होतो. खिंड उतरली की पोपटच्या अक्काचं, आनसाबाईचं रान. चालत गेलो असतो तर दिवस मावळायच्या आत पोचलो असतो. पण तात्यांचे गुडघे त्या साली पार गेले होते, आणि जीप काही खिंड चढणार नव्हती. तिला डोंगराला वळसा घालूनच जावं लागणार होतं.

"पोपट, ह्यो रस्ता असा वाकडा का काढलाय रं?"

"मी न्हाय काढला," पोपट म्हणाला आणि त्याने इंजिन चालू केलं.

तात्या मागून म्हणाले, "धुळ्या, माझ्या हयातीत बिरोबा जागचा हलला न्हाय. मग वाट कशी वाढली?"

आमच्या सगळ्या कळपात वाटांचा जाणकार म्हणून माझं नाव होतं. कुठलं गाव किती लांब, कुठे पाणी, कुठे ओढा आडवा येतो, हे मला विचारल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नसे. आणि आज मीच तोंडघशी पडलो होतो. वर सुभेदार गहाण पडला होता तो निराळाच.

सुभेदार म्हणजे आमचा मेंढा. कळपाच्या पुढे चालणारा, गळ्यात पितळी घंटा असलेला. तो उठला की मेंढरं उठायची आणि तो बसला की बसायची. त्याच्याशिवाय कळप हलवणं म्हणजे एकेक मेंढरू उचलून नेण्यासारखं होतं.

त्याचं असं झालं होतं. दिवाळी करून आम्ही दरसालप्रमाणे चाऱ्यासाठी पश्चिमेकडे निघालो होतो. वाटेत हिवरदरीच्या बिरोबाला भंडारा वाहायचा तात्यांचा नेम. पन्नास वर्षं त्यांनी तो पायी पाळला होता. त्या साली गुडघे गेले आणि बसायचं घोडंही लंगडलं. तात्यांनी जेवण सोडलं. तेव्हा माझा धाकटा भाऊ म्हणाला, रस्त्याकडेच्या त्या घरापुढे एक जीप उभी असते, भाड्याने देतात.

ते घर आनसाबाईचं. आमच्याच जातीतली, पण शेती धरून स्थिर झालेली. नवरा जीप चालवायचा. तो वारला, तेव्हा तिने जीप विकली नाही. भावाला, पोपटला, बोलावून घेतलं आणि धंदा चालू ठेवला. मी गेलो तेव्हा ती अंगणात मिरच्या निवडत होती. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. मला पाहून तिने घरातून एक लांबट वही आणली.

"कुठं जायाचं?"

"हिवरदरीला. जाऊन यायचं."

"किती लांब?" तो देव पोपटनेही पाहिलेला नव्हता.

"तीन मुक्काम."

"मुक्कामानं जीप चालत न्हाय, पाव्हणं. किलोमीटर किती?"

मी म्हणालो, "एक मुक्काम म्हंजी चार कोस."

तिने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "चार कोस म्हंजी बारा किलोमीटर. तीन मुक्कामाचं छत्तीस. जाऊन येऊन भात्तर. मी ऐंशी धरते. ऐंशीपातुर ठरल्यालं भाडं, वर गेलं की जादा."

"धरा ऐंशी. वर एक पाऊल जायाचं न्हाय. माझ्या पायाखालची वाट हाय ती."

"आन् गेलं तर?"

भाड्यापुरते पैसे दोन कोकरं विकून उभे केले होते. त्याच्यापुढे माझ्याकडे काही नव्हतं. मी ऐटीत म्हणालो, "गेलं तर तुमच्या रानात मेंढरं बसवीन."

मेंढरं बसवणं म्हणजे रातभर कळप शेतात ठेवायचा. सकाळपर्यंत लेंड्यांचं आणि मुताचं असं खत पडतं की दोन वर्षं रान बोलतं. शेतकरी त्यासाठी आम्हाला धान्य देतात. आनसाबाईचं चार एकर रान घराला लागूनच होतं, पण पांढरं फटक पडलेलं. मोठे बागायतदार जास्त धान्य द्यायचे, म्हणून कळप तिच्या दारावरून तसेच पुढे जायचे.

तिने एकदा रानाकडे पाहिलं. "तीन किलोमीटरला एक रात?"

"चाललं."

"आन् तुमी आलाच न्हाय तर? मेंढक्याचा पत्ता कुठं शोधू मी?"

अशा रीतीने सुभेदार तिच्या खुंट्याला बांधला गेला.

आम्ही परत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सुभेदार खुंट्याला बसून मक्याची कणसं खात होता. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आनसाबाई वही घेऊन आली, जीपमध्ये डोकं घातलं, मीटर पाहिला आणि वहीत लिहिलं. मग ती वही छातीशी धरून जरा वेळ पडीक रानाकडे बघत उभी राहिली.

"किती?" मी विचारलं.

"त्रेसष्ट जादा."

"अक्का," पोपट म्हणाला.

"तू टायर बघ," ती म्हणाली. पोपट टायर बघायला गेला. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

"त्रेसष्ट म्हंजी एकवीस राती," आनसाबाई म्हणाली.

एकवीस. आमची मोजणी विसावर चालते. एक वीस आणि वर एक. तोवर पश्चिमेकडचा चारा दुसऱ्या कळपांनी खाऊन टाकला असता.

"एवढं कसं हुईल? आवं, वाट तीन मुक्कामाचीच हाय!"

तिने खुंट्याजवळ पडलेली दोरी उचलली. अंगणात एक घागर ठेवली. घागरीच्या एका बाजूला खडा, दुसऱ्या बाजूला खडा. "ह्यो खडा माझं घर. ह्यो तुमचा बिरोबा. घागर म्हंजी डोंगर. तुमी कसं जाता? घागरीवरनं. जीप कशी जाती? अशी." तिने दोरी घागरीभोवती फिरवून दाखवली. "तुमची वाट सरळ हाय, पाव्हणं. रस्ता वाकडा हाय. तुमचं काय चुकलं न्हाय, पर किलोमीटर झालं त्ये झालं."

तात्या जीपमधूनच ओरडले, "बाई, मला आधी खाली उतरवा. मग डोंगराचं बघू."

शब्द दिलेला होता. दोन दिवसांनी भाऊ त्याची मेंढरं आणि सगळी बायकापोरं घेऊन पुढे गेला. माझी चार वीस मेंढरं, मी आणि तात्या, एवढे मागे राहिलो. माझ्यामागे तसं कुणी नव्हतंच. बायको तापाने जाऊन तीन वर्षं झाली होती.

दिवसा मी मेंढरं डोंगराला चारायचो आणि तिन्हीसांजेला रानात आणून बसवायचो. आनसाबाई रोज सकाळी कोळशाने घराच्या भिंतीवर एक रेघ मारायची. तात्यांना तिने ओट्यावर घोंगडं टाकून दिलं होतं. तिथे बसून ते भाकरी खायचे, ओव्या म्हणायचे आणि तिच्या कालवणाची तारीफ करायचे. मी वैतागलो की म्हणायचे, "तुझी चूक हाय, भोग. माझं बरं चाललंय."

पहिले दहा-अकरा दिवस आमचं बोलणं एवढंच. "मेंढरं त्या कोपऱ्यात बसवा." "बसवतो." "काल हिकडं कमी बसली." "आज बसतील." मला तिचा राग होता असं नाही. राग माझा मलाच होता. तेराव्या रेघेच्या दिवशी तो बाहेर पडला. ती ज्वारी पाखडत होती. मी जाऊन पुढ्यात उभा राहिलो.

"बाई, मला आकडं शिकवा."

"आता, ह्या वयात?"

"व्हय. फुडं कुणी मला किलोमीटर सांगून फसवाय नको."

ती हसायला लागली. सूप खाली ठेवून हसली, मग भिंतीला टेकून हसली. शेवटी पदराने डोळे पुसत खाली बसली. मला वाटलं, अडतीस वर्षांचा मेंढका आकडे शिकणार म्हणून ही हसते आहे. मी चिडून निघालो.

"थांबा," ती म्हणाली. "शिकवते. मीच शिकवाय पायजे."

तिच्या रानाच्या बांधालाच रस्त्याचा किलोमीटरचा दगड होता. डोक्यावर पिवळा, खाली पांढरा. त्याच्यापुढे बसून ती मला पाटीवर एकेक आकडा काढून द्यायची. मी ते माझ्या परीने लक्षात ठेवायचो. एक म्हणजे वेटोळं करून ठेवलेला दोर. चार म्हणजे बांधलेल्या मेंढराचे पाय. सात म्हणजे झाडाचा पाला ओढायची माझी आकडीच, उलटी धरलेली. नऊ काढताना ती म्हणायची, "त्याचं शेपूट तिकडं कुठं चाललं? हिकडं वळवा." मी वळवायचो आणि ते तिसरीकडेच जायचं.

"मेंढरं बरी वळवता. ह्यो एवढासा आकडा वळंना व्हय?"

"मेंढरू शीळ घातली की वळतं."

"मग घाला शीळ."

मी खरोखर पाटीला शीळ घातली. रानात बसलेली सगळी मेंढरं उभी राहिली. त्या दिवशी आम्ही दोघंही हसलो, आणि ओट्यावर तात्यांची ओवी मध्येच थांबली.

चार दिवसांत शून्य ते नऊ आले. मी तडक जीपकडे गेलो आणि मीटरला डोकं लावलं. एकही किडा ओळखीचा निघेना.

"हे आकडं येगळंच हाईत की!"

"ते इंग्रजी," आनसाबाई अंगणातून म्हणाली. "ते फुडच्या साली."

"फुडच्या साली मी कुठं असणार हितं?"

ती उठून सुभेदाराला कणीस घालायला गेली. सुभेदार कुणालाही जवळ येऊ देत नसे. पोपटला त्याने दोनदा उकिरड्यात पाडलं होतं. पण कळप घेऊन डोंगरावरून परतला की आनसाबाईच्या मागे तो घंटा वाजवत फिरायचा. ती पाण्याला गेली की पाण्याला, सरपणाला गेली की सरपणाला.

एकविसाव्या दिवशी सकाळी तिने शेवटची रेघ मारली. कोळसा टाकून दिला आणि हात धुतले.

"फिटलं," ती म्हणाली. "मोजून घ्या."

मी मोजल्या. एक वीस आणि एक. पोपट तात्यांना चार मुक्काम पुढे भावाच्या तळावर जीपने सोडणार होता. तेही फुकट. मी घोंगडं खांद्यावर टाकलं, सुभेदाराची दोरी सोडली आणि शीळ घातली. मेंढरं उठली. सुभेदार उठला, चार पावलं चालला आणि आनसाबाईच्या उंबऱ्यापुढे जाऊन बसला. त्याच्यामागे सगळा कळप अंगणात बसला.

मी त्याला ओढलं. ढकललं. शिव्या दिल्या. कणसाची लालूच दाखवली, तर त्याने बसल्या जागेवरून कणीस खाल्लं.

"तुमी जरा आत जाता का, बाई? तुमाला बघून बसतोय त्यो."

ती आत गेली. सुभेदारही उठून आत गेला. पोपट जीपच्या चाकाला टेकून पोट धरून हसत होता.

तात्या ओट्यावरून सगळं बघत होते. ते म्हणाले, "धुळ्या, मेंढ्याला कळलं. तुला कवा कळणार?"

"काय कळायचं?"

"आनसाबाई, जरा भाईर या," तात्यांनी हाक मारली. ती आली. तात्यांनी पागोटं नीट केलं. "ह्यो माझा पुतण्या. वाट चुकल्याला दिसतोय, पर मनानं सरळ हाय. आपल्यात पाट लावायची रीत हाय. तुमचा इचार काय?"

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हणालो, "तात्या, आवं, मला तरी इचारायचं!"

"तू गप. तुझा अंदाज लई बघितला."

आनसाबाईने माझ्याकडे पाहिलं. "हेस्नी बोलू द्या की. तोंड न्हाय व्हय हेस्नी?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मेंढरंसुद्धा. मी घोंगडं खांद्यावरून काढलं. ते कुठे ठेवावं कळेना, म्हणून पुन्हा खांद्यावर टाकलं.

"ते इंग्रजी आकडं," मी म्हणालो, "फुडच्या साली शिकवणार म्हणाला हुतासा."

"म्हणाले हुते."

"मग थांबतो."

"थांबा की," ती म्हणाली, आणि पदर सावरून चहा टाकायला आत गेली. भाऊ पश्चिमेकडून परत आला, तेव्हा आमचा पाट लागला.

आज चाळीस वर्षं होत आली. धुळा मेंढक्याचं लग्न मेंढ्याने जमवलं, असं गावात अजून सांगतात. मीही तसंच सांगायचो.

इंग्रजी आकडे काही मी पुढच्या साली शिकलो नाही. सुभेदार म्हातारा होऊन गेला, जीप विकली, विहीर काढली, एक मुलगी झाली. मुलगी शिकून लांब नोकरीला लागली आणि तिची पत्रं येऊ लागली. आनसा ती मला वाचून दाखवायची. पण पत्र दोन पानांचं असायचं आणि वाचून पानभरातच संपायचं. ही मधलं काहीतरी गाळते, असा मला संशय येऊ लागला. म्हणून बासष्टाव्या वर्षी मी गावातल्या प्रौढांच्या वर्गात जाऊन बसलो. अक्षरं शिकलो, दोन्ही तऱ्हेचे आकडे शिकलो, हातचे घेऊन वजाबाकी शिकलो. संशय खरा निघाला. मुलगी पत्रात लिहायची, "बाबांना तंबाखू देऊ नकोस," आणि आनसा ते वाचायची नाही. मला वाईट वाटेल म्हणून.

त्याच साली घराला चुना द्यायचा होता. ट्रंक हलवताना तळाशी ती लांबट वही सापडली. जीपची. मी उन्हात बसून पानं उलटू लागलो. नवं नवं वाचायला लागलेला माणूस पुडीचा कागदही सोडत नाही. एका पानावर आनसाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'हिवरदरी. मेंढके पाव्हणे.' आणि पुढे दोन आकडे. जाताना ४१२०६. येताना ४१३१९.

मी कोळसा घेतला आणि अंगणातल्या फरशीवर मांडलं. हातचा घेतला. उत्तर आलं एकशे तेरा. त्यातून ऐंशी वजा केले. तेहतीस.

पुसलं, पुन्हा मांडलं. तेहतीस.

तेहतीस म्हणजे अकरा रात्री. अकराव्या रेघेला माझं देणं फिटलं होतं. त्याच सकाळी मी शीळ घालून निघायला हवं होतं. पाटी तेराव्या दिवशी आली. मेंढरं उठून उभी राहिली ती पंधराव्या. मी त्या फरशीवरच्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसलो. घर, विहीर, मुलगी, सगळं त्या अकराव्या रेघेच्या पलीकडचं होतं.

मी वही घेऊन आत गेलो. आनसा चुलीपुढे भाकरी थापत होती.

"आनसा, त्रेसष्ट न्हाय. तेहतीस."

तिचा हात थांबला. तिने वहीकडे पाहिलं, माझ्या कोळशाने काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं.

"आली व्हय वजाबाकी?" ती म्हणाली. "लई दीस लावलंसा."

"म्हंजी तू मला फसीवलंस."

"तोंडानं फसीवलं. वहीत खरं लिव्हलंय की. ती वही पयल्या मालकांची हुती, तीत खोटं कसं लिव्हू?"

"आन् पोपटला म्हाईत हुतं?"

"त्येनं हप्ताभर टायर पुसलं. त्येला म्हाईत न्हाय तर कुणाला?"

मी पाटावर बसलो. खरं सांगायचं तर रागापेक्षा मला दुसरंच काहीतरी होत होतं. अडतीस वर्षांचा मी, पागोट्याला तुरा लावून, घोंगडं खांद्यावर टाकून जीपमधून उतरतो आहे, आणि त्या दिवेलागणीला ही बाई वही छातीशी धरून उभी आहे. ती तेव्हा रानाकडे नाही, आडून माझ्याकडेच बघत असणार. मी घसा साफ केला.

"तीस वाढवून सांगितलंस. म्हंजी पयल्या दिवशीच तुझ्या मनात..."

"काय मनात?"

"म्हंजी, मी थांबावं म्हणून..."

आनसाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तेव्हा माझ्या नऊच्या शेपटाकडे पाहायची. मग भाकरी तव्यावर टाकली.

"आवं, तुमी कुठं पायजे हुतासा मला?" ती म्हणाली. "मला लेंड्या पायजे हुत्या."

त्या साली त्या रानात ज्वारी माझ्या डोक्यावर वीतभर गेली होती, हे मात्र खरं.